खालचा पाय

काउनास शहरात सात नंबरची ट्रॉलीबस चालवते मी.
उजवा पाय ब्रेकवर.
दिवसातून सहाशे वेळा दाबायचा
आणि दर वेळी आत कुठेतरी
जात्यात खडा आल्यासारखं, कर्र.

डॉक्टर शिमकुते पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
हे बघ, घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे दोन बंध.
एक तुटून भलतीकडेच चिकटलाय.
दुसरा आहे, पण
जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा, नावापुरता.
आणि इथे, नडगीखालच्या हाडाच्या घुमटावर
मसुरीएवढा खळगा.
कूर्चेचा टवका उडालाय,
खालच्या हाडाने आत पाणी धरलंय.
कधी मुरगळला होता?

कधी म्हणजे काय.
मारियाम्पोलेचा हॉल, मार्च महिना,
मी सतरा वर्षांची, शाळांची अंतिम लढत.
उडी घेतली, चेंडू हातात आला, खाली येताना
जिथे जमीन असायची
तिथे बिरुतेचा पाय होता.

मुलीचं पाऊल वाकडं पडलं, म्हणतात ना,
माझं खरोखरच पडलं, भर गावासमोर,
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्हिदास सरांनी थंड फवारा मारला,
चिकटपट्टीचे सात वेढे दिले.
"लचक आहे. पळ म्हणजे पळून जाईल."
पळाले. दोन गुणांनी जिंकलो.
रात्री घोटा वांग्यासारखा, रंगानेसुद्धा.
आईने कोबीची पानं चेचून बांधली.
पंधरा दिवसांत सूज उतरली, आणि आमच्याकडे
सूज उतरली की दुखणं संपलं असं धरतात.

मग तो वळतच राहिला.
जिन्यात. बर्फावर. बटाट्याच्या सरीत.
एकदा बहिणीच्या लग्नात;
तेव्हा तर मी नुसती उभी होते.

बंध म्हणजे नुसते दोर नव्हेत, डॉक्टर सांगत होत्या.
पाय कुठे आहे, किती कलला आहे,
ही खबर तेच वर पोचवतात.
ते गेले की घोट्याला जमीन दिसेनाशी होते,
हाड थोडं निसटतं, थोडं खरवडतं,
तेवीस वर्षं, रोज थोडं.
कूर्चेला रक्त नाही, शिरा नाहीत,
ती झिजते पण बोंब मारत नाही.
बोंब मारतं ते तिच्याखालचं हाड.

उपाय आहे. खळग्यात बारीक भोकं पाडायची,
हाडातलं रक्त वर येऊ द्यायचं,
त्यातून नवी कूर्चा धरते;
मूळची नव्हे, ठिगळाची.
ठिगळ किती वर्षं टिकेल?
त्यांनी हात हलवला,
बाजारात भाव विचारल्यावर हलवतात तसा.

त्या गुरुवारी शेवटच्या फेरीला
बिरुते चढली, हातात शेपूची जुडी.
शेवटच्या थांब्यावर, रिकाम्या बसमध्ये
मी तिला सगळं सांगितलं,
दोन बंध, मसूर, भोकं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही.
वाटलं, माफी मागेल.
त्या माफीसाठी तेवीस वर्षं
मी एक जागा धरून ठेवली होती.

तिने बूट काढला. मग मोजा.
मधलं बोट शेजारच्यावर चढलेलं,
पंजावर हाडाचा उंचवटा.
"तुझ्याखाली मोडलं," ती म्हणाली.
"आमच्याकडे फवारा नव्हता,
आणि हरलेल्यांचे पाय कोण बघतो?"

वरच्या तारेत वीज गुणगुणत होती.
मी विचारलं, दुखतं का गं?
"थंडीत," ती म्हणाली,
"आणि नवे बूट घेताना, दुकानात."

परतीची वेळ चार मिनिटांपूर्वीच टळली होती.
शेपूचा वास. तिचा उघडा पाय.
मी अजून ब्रेकवरून माझा उचलला नव्हता.