फीडर क्रमांक चार

नाग नदीच्या भिंतीपासून आमचं उपकेंद्र दोनशे बारा पावलं.
मोजलेली आहेत, अंदाजाने सांगत नाही.
त्या रात्री दोनच्या सुमारास
केबलच्या चरावरचं झाकण हललं.
वाटलं, घूस असेल.

घूस नव्हती.

पाणी दारातून येतं असं आपण धरून चालतो.
ते आधी मोरीच्या जाळीतून येतं,
गुळगुळ करत,
घरातलंच कुणी असल्यासारखं.
बायकोचा फोन आला तेव्हा तीही हेच म्हणाली,
"अहो, मोरी बोलून राहिली."

म्हटलं, पायात रबरी चप्पल घाल,
पाणी तिथवर यायच्या आत कोरड्या काठीनं मेन स्विच पाड,
अन् अन्विताला उचलून वर नुसरत आपाकडे जा.
कागदांची पिशवी माळ्यावर आहे, तिला काही होत नाही.
"अन् फ्रीज?"
फ्रीज पोहेल, म्हटलं.

(पोहला खरंच. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात
आडवा अडकला होता, डबक्यातल्या म्हशीसारखा.)

मग मी फीडर चार पाडला.
लाल दिवा विझला, हिरवा लागला.
आमच्याकडे हिरवा म्हणजे बंद.
अठराशे घरं, त्यात एक माझं.
लॉगबुकात लिहिलं:
०२.१४. फीडर ४ बंद. कारण, पाणी.

त्यानंतर फोन थांबलाच नाही.
"काऊन बे, झोपला का?"
"बिल फुकटचं भरतो का आम्ही?"
"बावा, लाईन कवा येईन, तेवढं सांग."
मी एकच सांगत होतो,
खांबाला हात लावू नका,
गाडी काढायला खाली उतरू नका,
पाण्यात वीज असली तर ती दिसत नाही.
अंधार तेवढा दिसतो,
म्हणून शिव्या अंधाराला.
खा म्हटलं, अंधार मीच केला आहे.

दोन चाळीसला एक बारीक आवाज.
"दादा, मायची ऑक्सिजनची मशीन बंद पडली."
शिवी नाही. आवाज चढवणं नाही.
मागे कुणीतरी पुठ्ठ्यानं वारा घालत असल्याचा फडफड आवाज.

माझा हात दांड्यावर होता.
आधी गेला की मी नेला, आठवत नाही.
एक घर. अन् अठराशे.
हे गणित कुठल्या वर्गात शिकवतात, मला नाही माहीत.
हात काढला.
पत्ता लिहून घेतला, पेन दोनदा घसरलं.

किसन टेकाम, आमचा लाईनमन,
धरमपेठेतल्या एका दवाखान्याचं शटर ठोकून
सिलिंडर मिळवून, ट्रकच्या ट्यूबला बांधून
काठीनं पुढची जमीन चाचपत गेला.
उघड्या गटारांच्या जागा त्याला पाठ होत्या,
त्याचं नशीब, अन् तिचं.
चारला पोचला.
माय वाचली.
पुढच्या दिवाळीपर्यंत.

तेव्हापासून दर मे महिन्यात, उन्हं उतरल्यावर,
मी वही घेऊन दारोदार फिरतो.
तुमच्या घरी मशीनवर कुणी आहे का?
लोकांना वाटतं थकबाकीसाठी आलो,
आतून टीव्हीचा आवाज बंद होतो,
दार काही उघडत नाही.
पुन्हा जातो.
किसन म्हणतो, "साहेब, तुम्ही जनगणनेतच लागाले पाहिजे होते."

उपकेंद्रात वाळूच्या बादल्यांशेजारी
आता दोन सिलिंडर उभे आहेत, एक ट्यूब, दोर,
अन् एक शिट्टी, अन्वितानं शाळेतून आणलेली.
बायकोनं मोरीच्या जाळीवर वाळूचं पोतं ठेवलंय,
ते दर रविवारी हलवून बघते.

आज अंबाझरीकडून आभाळ काळं होत येतंय.
मी वहीचं शेवटचं पान उघडून
नंबर लागतात का ते बघतोय, एकेक.
एक्केचाळीस नावं.
पहिलं खोडलेलं,
पण वाचता येईल इतकंच.