घोडरोज

कागदावर लिहिलं होतं घोडरोज.
गोल शिक्का, खाली तिरकी सही,
गाव बोरटेक, तालुका शहादा, नग पाच.
धुळ्यात ताहेरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
कागद उजेडाला धरला, नोट पारखावी तसा,
आणि विचारलं, किती लांबून?
ऐंशी पावलं, मी म्हणालो. शंभर धरा.

दुकानात तेलाचा वास, चिंध्यांचा, थंड लोखंडाचा.
माझी बाराबोर त्यांनी टेबलाच्या कडेला सारली.
"छर्रा टोचतो, मारत नाही. जनावर तीन दिवस
केळीच्या बागेत मरत राहतं. मग वासावरून शोधत फिरा."
पॉइंट टू टूकडे बोटसुद्धा केलं नाही.
तीस-शून्य-सहा भारी, पण गोळी आरपार जाते,
आणि पल्याड कुणाचं खळं असेल, कुणाचं पोर.
उरली तीनशे पंधरा. जुनी, अक्रोडी दस्त्याची.
खांद्याला लावली तेव्हा वाटलं
मागून कुणी हात ठेवलाय, ओळखीचा नव्हे.

"बंदूक आपल्या मापाची घ्यायची नसते," ताहेरभाई म्हणाले,
"जनावराच्या मापाची घ्यायची. एकात संपलं पाहिजे."
दहा काडतुसं परवान्यावर चढली.

बोरटेकला गहू ओंबीवर आलेला,
आणि अर्धा आडवा.
गजमल पुढे, मी मागे, तापीच्या फुगवट्याकडे,
बाभळी, चिखल, चिखलात खूर.
बघितलं आणि थांबलो.
रोह्याचा खूर दुभंगलेला असतो.
हे अखंड होते, वाटीसारखे गोल,
एकात तर नालेची अर्धी चंद्रकोर अजून शाबूत.

"भो, ह्या घोडा शेतस," गजमल म्हणाला, "रोही नहीत."
जसं काही मीच तो कागद लिहिला होता.

मग तोच सांगत गेला, बिडी हातात तशीच विझलेली:
सारंगखेड्याच्या जत्रेत जे खपले नाहीत ते हे.
हा अबलख, पाय दुखावला म्हणून सोडला.
तो कुमैत, मालक सुरतेला गेला तो गेलाच.
ती पांढरी घोडी चांगल्या चालीची,
पण डोळ्याखाली भोवरा. आसूढाळ.
घरात घेईल त्याला रडवते म्हणतात,
तीन जत्रा फिरली, कुणी लगामाला हात लावला नाही.
चार वर्षं झाली. आता माणूस दिसला की उधळतात.
गहू कोणाचा, विचारलं.
बहिणीचा, म्हणाला, आणि बिडी पुन्हा पेटवली.

वारा अंगावर येत होता, म्हणजे बरोबर होता.
ऐंशी पावलं. मी कोपर टेकलं.
नळीच्या टोकावरच्या माशीमागे घोडी आली,
आणि तिथून तो भोवराही दिसला,
केसांचा छोटासा गुंता, बोटभर,
ज्याच्यापायी तिची किंमत शून्य झाली होती.
जत्रेतले दलाल असेच एक डोळा मिटून बघतात.

खटका मागे ओढला.
च्यक.

तिचे कान उभे राहिले.
बाकीचे चार पाण्यात पळाले, शिंतोडे उडवत,
ती वळली आणि चालत आली,
सरळ, ठुमकत, शिकवलेल्या चालीनं,
साठ पावलं, तीस, दहा.
कधीकाळी कुणीतरी जिभेनं असाच आवाज करून
तिला दाणा दिला असणार.

जनावर जवळ आलं तर,
हे ताहेरभाईंनी विचारलं नव्हतं.

तिनं नळी हुंगली. तेलाचा वास आवडला नाही.
फुरफुरली, माझ्या बाहीला ओलं करून गेली.

दहाची दहा काडतुसं कार्यालयात मोजून दाखवली.
कारण या रकान्यात लिहिलं:
जनावर कागदाशी जुळत नाही.
कारकुनानं पेनाचं टोपण काढलं.
दुरुस्ती करून देतो, म्हणाला,
फक्त सांगा, घोड खोडू का रोज?

अजून सांगितलेलं नाही.
रविवारी नळीतून चिंधी ओढतो, तेल देतो.
रात्री कधी गजमलचा फोन येतो:
आज हरभऱ्यात होते. पाचच्या पाच.