शून्य पूर्णांक चार

काल पहाटे हीटरचा पंखा एकदा खोकला
आणि गप्प झाला.
सेन्याचा किनारा, नोव्हेंबर संपत आलेला,
सूर्य आता जानेवारीतच येणार, तेव्हा
छतावरचं सोलर पॅनेल म्हणजे नुसती बर्फाची परात.
ओडवार पांघरुणातून म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे,
मला आवाजावरून कळतं.
फेरीबोटीच्या इंजिनांशी बोलण्यात जन्म गेला त्याचा.
यंत्रं आपल्याशी खोटं बोलत नाहीत, हा त्याचा समज.
मी मोज्यांवर मोजे चढवले.

भिंतीवर जुनी पट्टी आहे, चार हिरव्या दिव्यांची.
इंजिन बंद केलं तेव्हा चारही पेटलेले.
नळ सोडला, पंप घरघरला, तर दोनच.
नळ बंद केला, पुन्हा तीन.
व्होल्ट म्हणजे नुसता चेहरा.
चेहऱ्यावरून पोटातल्या भुकेचा हिशेब
कुठे लागतो?

मी मासळीच्या कारखान्यात काट्यावर होते, एकतीस हिवाळे.
कॉडच्या ढिगाकडे बघून
"आठशे किलो, गुनवोर, लिहून टाक" म्हणणारे
किती खलाशी आले.
मी लिहिलं नाही. काट्यावर चढवा, म्हटलं.

फिन्स्नेसच्या दुकानात आस्लाक नावाचा पोरगा,
त्यानं तीन डबे मांडले.
नव्वद क्रोनरचा फक्त व्होल्ट दाखवायचा,
तो चेहरा तर आमच्याकडे आहेच.
चार हजारांचा फोनवर रंगीत आलेख काढायचा;
ओडवारचा हात त्याच्यावरून फिरला,
जसा दुसऱ्याच्या बोटीवरून फिरतो.
आणि मधला, सहाशे चाळीसचा:
एक पितळी ठोकळा, गुंडाळलेली वायर,
काडेपेटीएवढा पडदा.
आत किती आलं, बाहेर किती गेलं,
एवढंच मोजतो.

"खरं सांगतो का?" मी विचारलं.
"महिनाभर," आस्लाक म्हणाला. "मग थोडा भरकटतो.
बॅटरी पूर्ण भरली की त्याला सांगायचं,
इथून पुन्हा मोज."
मला हे उत्तर आवडलं.
आमचा काटाही रोज सकाळी शून्यावर आणावा लागे.
पैसे मी दिले. ओडवार दाराशी जाऊन
समुद्र बघत उभा राहिला.

बसवताना मात्र तोच गुडघ्यांवर.
सगळ्या काळ्या वायरी ठोकळ्यावरूनच जायला हव्यात,
एकही मागच्या दारानं बॅटरीपर्यंत जाता कामा नये.
जकात नाका, मी म्हटलं.
त्यानं पाना मागितला. बोलला नाही.

रात्री सगळं बंद केलं.
दिवे, हीटर, फ्रिज, रेडिओ, सगळं.
आणि पडद्यावर तरीही
शून्य पूर्णांक चार.
जातंय. कुठेतरी चार दशांश अँपिअर
गुपचूप जातंय.

"मीटर स्वस्तातला," ओडवार अंधारात म्हणाला.
मी काही म्हटलं नाही. डोळे सरावू दिले.
मग दिसली:
पलंगाच्या फळीखाली, केसाएवढी,
पिवळी रेघ.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
आमच्याकडे अंधाराखाली दिवा होता.

गाडी घेतली होती बेर्गेनच्या एका दंतवैद्याकडून.
स्की ठेवायची ही लांब पेटी आम्ही कधी उघडलीच नव्हती,
आम्हा दोघांचे गुडघे स्कीचे राहिलेत कुठे?
झाकण लावलं की बटण दबावं अन् दिवा विझावा,
पण बटणाची स्प्रिंग कधीचीच गेलेली.
आत पाच वॅटचा बल्ब,
शेजारी स्कीच्या मेणाची डबी,
वितळलेली, थिजलेली, पुन्हा वितळलेली.
आम्ही वर कुडकुडत होतो
आणि खाली हे मेण ऊबेत.

ओडवारनं बोटांवर हिशेब केला.
दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-तास,
आमचे दोन हिवाळे.
पुढचं मोजलं नाही त्यानं.
रुमालानं धरून बल्ब फिरवला.

पडद्यावर शून्य, शून्य.

तरी तो वाकलाच,
बॅटरीच्या झाकणाला कान लावून थोडा वेळ थांबला.
"आता बरी आहे," म्हणाला.