मान वगळून

डाव्या गालाला एल्व्हेन, उजव्याला सोनुरी.
चौदा दिवस, सकाळ-रात्र, मटाराच्या दाण्याएवढं.
विमा कंपनीत सव्वीस वर्षं दावे तपासलेत मी,
पुराव्याशिवाय पाच हजार दोनशे रुपये
तीस मिलीलिटरवर मंजूर करणार नाही.

ग्लेंडानं नमुन्याच्या पुड्या मुठीत लपवून दिल्या.
दोन-दोनच द्यायच्या असतात,
तिनं ओंजळभर दिल्या.
वसईची. दहा तास उभी असते काउंटरमागे.
म्हणाली, "एल्व्हेन स्किनवर बसते, मॅडम. सोनुरी आत जाते."
आत म्हणजे कुठवर, मी विचारलं.
ती हसली. तेवढं ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

एल्व्हेनला वास नाही. अजिबात.
नसलेल्या वासाचेही पैसे पडतात, हे नव्यानं कळलं.
सोनुरीत गोगलगाईचा अर्क,
जिला मी कुंड्यांतून चिमटीनं उचलून
मिठाच्या पाण्यात टाकत आलेय.
पहिल्या रात्री जरा ओशाळले.

वहीत नोंदी.
दिवस तिसरा: डावीकडे तुकतुकी.
दिवस पाचवा: उजवीकडे हनुवटीपाशी पुटकुळी,
पण आदल्या दिवशी कॅन्टीनची भजी.
दिवस आठवा: भालचंद्र जेवता जेवता थांबले,
"एकाच डोळ्यानं रडलीस का?"

ऑफिसात कुणालाच काही दिसलं नाही.

अकराव्या दिवशी फोर्टहून प्रभादेवीला येताना
ऊन गालावर आलं, तेव्हा लक्षात आलं:
बायकांच्या सीट डावीकडे.
सकाळी दक्षिणेला जाताना पूर्व डावीकडे,
संध्याकाळी परतताना पश्चिमही डावीकडेच.
दोन्ही वेळचं ऊन या एकाच गालानं घेतलंय,
सुट्ट्या वजा जाता, सव्वीस वर्षं.
आणि उजव्यावर फोन.
आईचा, चिपळूणहून, रात्री साडेनऊचा,
कानाशी गरम होईस्तोवर दाबून धरलेला,
कारण शेवटी शेवटी तिचा आवाज
फार बारीक झाला होता.

म्हणजे गाल मुळात सारखे नव्हतेच.
असा कागद कुणी माझ्या टेबलावर आणला असता
तर पहिल्याच पानावर शेरा मारला असता:
आजार आधीपासूनचा. दावा नामंजूर.

तरीही चौदा दिवस पुरे केले. सुरू केलेलं मोडवत नाही.

शनिवारी परळला गेले, वही घेऊन.
ग्लेंडानं सगळ्या नोंदी वाचल्या,
भजीपाशी ओठ दाबून हसू गिळलं,
मग माझ्याकडे नीट बघितलं.
"आणि मानेला काय लावता?"

मान मी धरलीच नव्हती हिशेबात.
मंगळसूत्राखाली तीन आडव्या रेघा,
फायलींवर वाकून वाकून पडलेल्या,
आरशात रोज समोर असूनही
कुठल्याच रकान्यात नसलेल्या.

तिनं बोटावर थोडं घेतलं.
दोन्हींतलं कुठलं, मी विचारलं नाही.
तिची बोटं सॅनिटायझरनं खरखरीत झाली होती,
आणि क्रीम गार.
मी हनुवटी वर केली.