ठसका

गफूर पिंजारी गेला त्या दिवशी
दोंडाईच्यात मिरचीचा लिलाव चालूच होता.
बंद ठेवा म्हणायला कोणी गेलं नाही.
म्हातारा स्वतःच ओरडला असता,
माझ्यापायी लोकांचा माल का रे उन्हात?

संध्याकाळी आम्ही सात जण, स्टेशनमागच्या टपरीवर.
भिकन शिंप्याने पिशवीतून तेवीस कॅसेटी काढल्या.
छापील कव्हर एकीलाही नाही,
नुसतं गफूरचं निळं अक्षर, डावीकडे कललेलं.

धंदा गाद्यांचा. बापाची धुनकी खुंटीला टांगली
आणि सुरतेहून टेप आणला, दोन चाकांचा,
बायकोच्या पाटल्यांचा.
खोलीच्या चारी भिंतींना गाद्या उभ्या ठोकल्या,
वर छतालाही.
गाव हसलं : हा आवाजाला झोपवतो.
तो म्हणायचा, आवाजाला नाही, गोंगाटाला.

पण मिरचीला गादी अडवत नाही.
पौषात पथाऱ्या लाल झाल्या
की वहीवाल्यांत कोणीतरी ठसकायचंच.
दुसऱ्यांदा घ्यायला रीळ कुठलं?
ठसका तसाच राहायचा, तालात असो नसो.
म्हणून आम्ही गाणी अशी ओळखतो :
ठसक्याची कानबाई,
दोन शिंकांची वही,
आणि झेंडू बाविस्करची क्लॅरिनेट,
जिच्यात सुरत गाडी शिट्टी मारते
आणि झेंडू थांबत नाही,
शिट्टीच्याच पट्टीत शिरतो,
गाडीचा हात धरून तिला रनाळ्यापर्यंत सोडून येतो.

झेंडू मार्गशीर्षात गेला, ऐन लग्नांत.
बँडवाले वरातीतून सरळ मसणात आले,
लाल कोट, सोनेरी झालर, घामेजलेले.
वाजवलं कोणीच नाही.
सुरुवात नेहमी तोच करायचा ना.

भिकनने टेप लावला. सेल उतरलेले,
झेंडू अर्ध्या सुराने खाली.
मेल्यावर माणसाचा आवाज जड होत असेल,
राजमल म्हणाला. कोणी हसलं नाही.
मग धुपाबाईची कॅसेट, दुसरी बाजू.
ओवी संपते, गफूर बटण दाबायला विसरतो,
आणि म्हातारी विचारते,
"भाऊ, मन्हा आवाज आते ह्यामा ऱ्हाई का?
मी मरी जासू तरी?"
खुर्ची करकरते. गफूर म्हणतो,
"टेप नई गुतनी ते ऱ्हाई, माय."

चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.
आम्ही ते चार वेळा ऐकलं.
ओवी नाही, तेवढंच.

गफूरचा पोरगा म्हणे गाद्या सोडवतोय.
कापूस चांगला आहे अजून,
पिंजून नव्या खोळी घातल्या की जातील विकल्या.
जाऊ देत. कोणीतरी झोपेल,
ज्या कापसाने इतकं ऐकलं त्याच्यावर.

मग भिकनने वही उघडली, यादी करू म्हणाला,
कोणाकडे काय आहे, काय नाही.
झेंडूची भैरवी कोणाकडे?
एकच प्रत होती, गफूरनेच कुणाला तरी दिलेली.
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
मीही पाहिलं, सगळ्यांकडे.

पोस्टात होतो मी. सॉर्टिंगला, रात्रपाळी.
कोरी कॅसेट मिळाली नाही एका रविवारी,
आणि मॅच फायनलची.

घरी आल्यावर दार लावून ती लावली.
पाऊण तास कॉमेंट्री,
विकेट पडते, माणसं ओरडतात, कट्ट.
आणि फितीच्या शेवटच्या बोटभर तुकड्यात
झेंडू अजून आहे :
सूर नाही, सूर नुकताच सोडलेला,
क्लॅरिनेट ओठांवरून काढून
घेतलेला एक लांब श्वास,
आणि मागून गफूर, हळू,
"व्हई गं."

उद्या भिकनला सांगेन.
परवा तरी.