घोडं कुठं पेंड खातंय

नारिनच्या बाजारात माझं दुकान म्हणजे एक मालवाहू लोखंडी डबा,
आत कोळशाची शेगडी, झेरॉक्सचं मशीन,
आणि आज टेबलावर
तुर्दुबेक आजोबांचा लॅपटॉप,
मेंढीच्या कातड्यात गुंडाळून आणलेला.

बाहेर उणे चोवीस.
"आधी त्याला ऊब घेऊ दे," ते म्हणाले.
"थंडीतून आलेल्या जनावराला
लगेच पाणी पाजायचं नसतं."
चाळीस वर्षं ते घोड्यांचे डॉक्टर होते.

बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला.
काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.
पुन्हा दाबलं. पुन्हा तोच नन्नाचा पाढा.

मग आजोबांनी टोपी काढली
आणि कीबोर्डला कान लावला,
डोळे मिटून, एक बोट माझ्या दिशेनं वर करून.
टक्. टक्. मग चूप. मग टक्.
"आतड्याला पीळ पडलाय."
मी म्हटलं, हार्ड डिस्क.
"तेच ते."

आतली बटणाएवढी बॅटरीही मेलेली,
म्हणून यंत्राच्या लेखी आज
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
ती तारीख आजोबांनी जरा जास्तच वेळ वाचली.
"असू दे की तशीच."
पण तशी ठेवून चालत नाही.
शेजारच्या आसिलकानच्या वजनकाट्यातली बॅटरी
मी न विचारताच काढली आणि इथं बसवली.

पेन ड्राइव्हवरून दुसरीच सिस्टिम चालवून
जुन्या डिस्कमधून जे निघेल ते काढत राहिले,
एकेक फाईल, जीव मुठीत धरून.
तीनशे बारा फोटो. शिंगरांच्या जन्माच्या नोंदी.
कुणाच्या तरी लग्नाची अर्धी फिल्म.
पुढं टक्, आणि काही नाही.

"नेमकं काय हवंय तुम्हाला?"
"पत्ते."
"पत्ते?"
"सायराकुल खेळायची. एकटीच. दूध तापेपर्यंत.
डाव संपला की आकडे यायचे.
खेळलेले चार हजार दोनशे काहीतरी,
जिंकलेले सहाशे अकरा.
ते आकडे."

तासभर शोधलं.
कुठल्या घडीत ठेवले होते, मला नाही सापडले.
तसं सांगितलं.
त्यांनी पियाल्यातला चहा संपवला.
"घोड्याच्या धन्यालाही असंच सांगायचं असतं," म्हणाले,
"उभ्यानं. आणि पैशाचं नाव न काढता."

नवी डिस्क बसवली.
भाषा कोणती? यादीत किर्गिझ होती,
खाली, बरीच खाली.
तुम्ही कुठं आहात? नकाशावर नारिनचा ठिपकाच नव्हता,
मी बिश्केकवर टिचकी मारली.
"तिथं कधी राहिलो आपण?" आजोबा कुरकुरले.
मग विचारलं: सगळं पुसायचं?
"कोरीच डिस्क आहे," मी म्हटलं.
"मग विचारतं कशाला?"

अडतीस टक्क्यांवर निळी पट्टी अडली.
मी माऊसकडे हात नेला, त्यांनी मनगट धरलं.
"व्यायला लागलेल्या घोडीकडं
टक लावून बघत नाहीत."
म्हणून आम्ही दोघं दाराकडं तोंड करून बसलो,
रस्त्यावरून एक ट्रक गेला, बर्फ घेऊन,
जणू इथं कमी होतं.

अंधार पडता पडता ते उघडलं.
पत्त्यांचा खेळही सापडला, पण पाठीमागचं चित्र वेगळं.
हातमोजे काढून, एका बोटानं,
आजोबा पहिला डाव हरले.
खेळलेले एक. जिंकलेले शून्य.
"तीही पहिला हरलीच असेल," ते म्हणाले.
मी काय सांगणार?
त्यांनी पुन्हा पिसले.

जाताना पैसे दिले, वर मूठभर कुरुत,
आणि लॅपटॉप परत कातड्यात, नीट, कानांपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसिलकान
बेदाणे हातानंच तोलून देत होती
आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे
एकदा माझ्याकडे बघत होती.