हातचा

उत्तर फिनलंडच्या त्या गावात माणसं चौतीस हजार.
सोमवारी सकाळी इर्मेलीच्या स्क्रीनवर वर्तमानपत्राचे वाचक
एक्केचाळीस हजार दोनशे सहा.

वरचे सात हजार आले कुठून?
बर्फातून तर उगवत नाहीत.

ती उकलत बसते, लोकरीचा गुंता उकलावा तशी.
हा रेयो, बसचालक:
पहाटे थांब्यावर, फोनवर, हॉकीचा निकाल,
दुपारी डेपोतल्या जुनाट कॉम्प्युटरवर तोच निकाल,
हरलो हे पटत नाही म्हणून,
रात्री बायकोच्या टॅबलेटवर हवामान.
एका रेयोचे तीन रेयो.
आणि कुणी एक आहे, कुकी पुसून टाकणारा.
रोज सकाळी नव्याने जन्मतो
आणि रोज शब्दकोड्यात तिथंच अडतो.
रात्री अडीचला दोन सेकंदांत अख्खा अंक वाचणारा
तर माणूसच नव्हे. त्याला वगळलं.

आकडा उतरत उतरत एकतीस हजारांवर आला.
साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत एकच आकडा दे,
मागे-पुढे काही नको.

तेवढ्यात हे सापडलं:
एक टॅबलेट, निधनवार्तांचं पान,
चार तास अकरा मिनिटं.
कुणीतरी उघडं टाकून विसरलं असणार. वगळावं.
बोट बटणापर्यंत गेलं, मग पत्ता दिसला:
नदीपलीकडचा वृद्धाश्रम.
तिची मावशी तिथेच असते.

बुधवारी संध्याकाळी गेली.
साखरेच्या डब्याला टेकवलेला टॅबलेट,
भोवती सात खुर्च्या, कॉफी,
हिल्का नर्स मोठ्यानं बातम्या वाचतेय,
मध्येच कुणी म्हणतं, पुन्हा वाच.

मावशी म्हणाली,
परवा आमचा ताउनो गेला. लाकूडतोड्या होता.
त्याचा फोटो मालवू दिला नाही आम्ही.
स्क्रीन अंधारायला लागली
की ज्याचा हात जवळ त्यानं बोट लावायचं.
माझी पाळी दोनदा आली.

सात जणांचा एक वाचक.
आणि ती पाळी,
ती कुठल्या रकान्यात लिहायची?

शुक्रवारी तिनं आकडा दिला.
खाली बारीक अक्षरांत लिहिलं: चूकभूल द्यावी घ्यावी.
साहेबांनी तेवढी ओळ खोडली.

पुलावरून घरी जाताना
हातमोज्यातल्या हातमोज्यात
ती बोटांवर मोजत राहिली, शाळेत मोजायची तशी:
आठ आणि सात पंधरा,
पाच मांडले,
हातचा एक.